सोडलेला मासा जगतो का?

मासा हातातून सुटतो, शेपटीचा एक फटकारा मारतो आणि पाण्यात दिसेनासा होतो. सोडणाऱ्याला वाटते, झाले, जीव वाचला. माशाच्या शरीरात मात्र खरी झुंज त्यानंतर सुरू होते. तो जगणार की नाही, हे पुढच्या काही तासांत ठरते आणि बहुतेक वेळा ते तो पाण्याबाहेर असताना घडलेल्या गोष्टींवर अवलंबून असते.

ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. सॅमनचा जवळचा नातलग. जगभरातल्या डोंगरी नद्यांवर हौशी मासेमार गळ टाकून तो धरतात. कोकणात ज्याला मासे गरवणे म्हणतात, तोच हा प्रकार. फक्त इथे धरलेला मासा अनेकदा पुन्हा पाण्यात सोडला जातो. कुठे तसा नियमच असतो, कुठे ती मासेमाराची स्वतःची निवड असते. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९५२ मध्ये काही प्रवाहांवर ही पद्धत व्यवस्थापनाचा भाग म्हणून स्वीकारली. तेव्हापासून ती अनेक देशांत रुळली. कल्पना सरळ आहे: मासा सोडला तर तो वाढेल, अंडी घालेल, नदी रिकामी होणार नाही. पण त्यासाठी सोडलेला मासा जगला पाहिजे.

तो जगतो का, या प्रश्नाला शास्त्रज्ञांनी दोन टोकांची उत्तरे दिली आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

पहिले उत्तर अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले. यलोस्टोन नदीच्या ज्या पट्ट्यात धरलेला प्रत्येक कटथ्रोट ट्राउट सोडणे बंधनकारक होते, तिथला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पट्ट्यातला एक मासा एका हंगामात सरासरी ९.७ वेळा गळाला लागत होता आणि दर वेळी मरण्याचे प्रमाण होते अवघे ०.३ टक्के. म्हणजे तोच मासा दहा-दहा जणांच्या हाती लागूनही बहुतेक वेळा जगत होता.

दुसरे उत्तर कॅनडातल्या प्रयोगशाळेतले. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी टाकीतल्या माशांना पाठलाग करून पूर्ण दमवले. काहींना तसेच पाण्यात राहू दिले, काहींना ३० सेकंद आणि काहींना ६० सेकंद हवेत ठेवले. बारा तासांनी मोजणी केली, तेव्हा फक्त दमवलेल्या माशांपैकी ८८ टक्के जिवंत होते. ३० सेकंद हवेत राहिलेल्यांपैकी ६२ टक्के, तर ६० सेकंद राहिलेल्यांपैकी केवळ २८ टक्के.

टाकीतले आकडे नदीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रयोगातले मासे दमण्याच्या अगदी टोकाला नेलेले होते. नदीवर इतका दमलेला मासा रोज हाती येत नाही. थंड पाण्यातल्या नंतरच्या क्षेत्र-अभ्यासांत हवेत ठेवण्याचा परिणाम बराच सौम्य दिसला. तरीही या दोन टोकांमध्ये जे अंतर आहे, त्याची कारणे ओळखीची आहेत: मासा किती दमला, किती वेळ हवेत राहिला, पाणी किती गरम होते आणि गळ कुठे रुतला. यातली बहुतेक सूत्रे माणसाच्या हातात असतात.

दमलेल्या माशाच्या अंगात काय होते?

ट्राउटच्या अंगाचा बहुतेक भाग पांढऱ्या स्नायूंचा असतो. झडप घालणे, शत्रूपासून पळणे, प्रवाहातली उडी अशा थोड्या वेळच्या जोरकस हालचालींसाठी ते बनलेले असतात. गळाला लागलेला मासा याच स्नायूंच्या बळावर झुंजतो. एवढ्या झटपट ऊर्जा लागते की रक्तातून येणारा प्राणवायू पुरत नाही. मग स्नायू साठवलेले ग्लायकोजेन प्राणवायूशिवायच जाळू लागतात. त्यातून लॅक्टेट साचते आणि स्नायूंतली व रक्तातली आम्लता वाढते.

जोरात धावल्यावर माणसाच्या पोटऱ्या भरून येतात, तसेच काहीसे हे आहे. फरक असा की माणूस धाप टाकत अर्ध्या-पाऊण तासात बराचसा सावरतो, तर पूर्ण दमलेल्या ट्राउटला मूळ स्थितीवर यायला आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. या काळात तो शत्रूपासून नीट पळू शकत नाही, खात नाही आणि प्रवाहाशी झगडू शकत नाही.

कॅनडातील संशोधक ख्रिस वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता: जोरदार श्रमानंतर मासे मरतात ते कशाने? सहा मिनिटे जोराने पळवलेल्या रेनबो ट्राउटपैकी सुमारे ४० टक्के मासे पुढच्या बारा तासांत मेले. त्यातले बहुतेक लगेच नव्हे, तर चार ते आठ तासांनी मेले. रक्तात साचलेले लॅक्टेट हे मृत्यूचे कारण दिसत नव्हते. पेशींच्या आत वाढलेल्या आम्लतेकडे संशोधकांचा निर्देश होता.

हा उशिराचा मृत्यूच सर्वांत फसवा. सोडणारा घरी पोहोचलेला असतो आणि मासा एखाद्या डोहाच्या तळाशी पडलेला असतो. म्हणून ‘मासा पोहत गेला’ हा तो जगल्याचा पुरावा ठरत नाही. ज्याला मासा सोडायचा आहे त्याने त्याला फार खेळवू नये, हा पहिला नियम इथून येतो. बारीक, नाजूक दोरावर मोठा मासा अर्धा तास झुंजवत ठेवण्यात कसब दिसत असेल, पण त्याची किंमत मासा मोजतो. पुरेसा मजबूत दोर घ्यावा आणि मासा लवकर काठाशी आणावा.

हवेतला प्रत्येक सेकंद

एक लिटर थंड पाण्यात विरघळलेला प्राणवायू जेमतेम १० मिलिग्रॅम असतो. हवेत तर प्राणवायू २१ टक्के. मग हवेत आलेला मासा गुदमरतो कशाने? उत्तर कल्ल्यांच्या रचनेत आहे.

कल्ल्यांवर अतिशय पातळ पडद्यांच्या रांगा असतात. पाण्यात ते पडदे पुस्तकाच्या उघडलेल्या पानांसारखे सुटे राहतात, त्यांच्यामधून पाणी वाहते आणि रक्त प्राणवायू घेते. पाण्याचा आधार गेला की भिजलेल्या पुस्तकाची पाने चिकटावीत तसे हे पडदे एकमेकांना चिकटतात. श्वास घेण्याचा पृष्ठभाग एकदम आक्रसतो. प्राणवायू आत येत नाही आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही. १९९२च्या प्रयोगात हवेत ठेवलेल्या माशांच्या रक्तातला प्राणवायू ८० टक्क्यांहून अधिक घसरला होता.

हे सारे नेमके अशा क्षणी घडते जेव्हा माशाला प्राणवायूची सर्वाधिक गरज असते. चारशे मीटर जीव तोडून धावलेल्या माणसाचे नाक-तोंड अंतिम रेषेवरच दाबून धरावे, तसा हा प्रकार.

प्रत्यक्षात मासेमार किती वेळ मासा हवेत धरतात? अमेरिकेच्या इडाहो राज्यातील मत्स्य संशोधकांनी दुरून निरीक्षण करून ही वेळ मोजली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत मासा सलग हवेत राहण्याचा सर्वाधिक काळ सरासरी २६ सेकंद भरला. काही जणांनी मासा हवेत काढलाच नाही. एकाने तो १६० सेकंद धरून ठेवला. म्हणजे बहुतेक लोक बरे वागतात, पण थोड्यांची हयगय माशाच्या जिवावर बेतू शकते. वेळ जातो तो मुख्यतः दोन कामांत: गळ काढण्यात आणि फोटो काढण्यात. गळ मासा पाण्यात असतानाच काढता येतो. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवावा, मासा पाण्यात धरून ठेवावा आणि फक्त दोन-तीन सेकंद वर उचलावा. एक सोपा हिशेब अनेक जण पाळतात: मासा वर उचलताना आपलाही श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलाच पाहिजे.

पाणी तापले की गळ गुंडाळा

ट्राउटच्या जगण्यावर सर्वांत मोठी सत्ता पाण्याच्या तापमानाची. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो खुशीत असतो. २० अंशांच्या पुढे त्याची ओढाताण सुरू होते आणि २५ अंशांच्या आसपास पाणी प्राणघातक ठरू लागते.

यात दुहेरी कोंडी आहे. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर २० अंशांना ९.१ मिलिग्रॅम. त्याच वेळी मासा थंड रक्ताचा असल्यामुळे गरम पाण्यात त्याच्या शरीराचा वेग वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. मिळकत घटते आणि खर्च वाढतो. अशा माशाला गळाला लावून दमवले तर तोल सावरायला त्याच्याकडे शिल्लकच उरत नाही.

अमेरिकेतील मॉन्टाना राज्याने यावर नियम केला आहे. नदीचे पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास २२.८ अंश सेल्सिअसला पोहोचले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत तिथली मासेमारी बंद ठेवता येते. या नियमाला तिथे ‘हूट आउल’ म्हणजे ‘घुबडाच्या वेळेचा’ नियम म्हणतात. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने लाकूडतोडे पहाटे, घुबडे घुमत असतानाच काम उरकत. ते नाव नदीवर आले. रात्रभर थंड झालेले पाणी पहाटे सर्वांत गार असते, म्हणून सकाळची वेळ माशाला कमी जाचाची. हवामान बदलामुळे डोंगरी नद्यांचे उन्हाळे तापत चालले आहेत, तसे अशा बंदीचे महत्त्व वाढते आहे. खिशात साधा थर्मामीटर ठेवावा आणि पाणी २० अंशांच्या पुढे गेले की गळ गुंडाळावा, ही सवय कोणत्याही महागड्या साधनापेक्षा जास्त मासे वाचवते.

गळ कुठे रुतला?

रक्तस्राव आणि खोल जखम ही मृत्यूची आणखी एक वाट. मासा आमिष कसे घेतो, त्यावर गळ कुठे रुतेल हे ठरते. गांडुळासारखे खरे आमिष मासा गिळतो, त्यामुळे गळ घशात किंवा कल्ल्यांपर्यंत जातो. पिसे-धागे बांधून बनवलेली कृत्रिम माशी किंवा धातूचा चमकता चमचा तो गिळत नाही. गळ बहुधा ओठाशी वा जबड्यात अडकतो. याआधीच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज १९९२ मध्ये मांडली गेली. तीत नदी-तळ्यांतल्या ट्राउटचे मृत्युप्रमाण आमिषावर सुमारे ३१ टक्के, तर कृत्रिम माशी-चमच्यावर सुमारे ५ टक्के निघाले. मासा सोडायचाच असेल तर खरे आमिष वापरू नये, असे अनेक ठिकाणचे नियम सांगतात ते यामुळे.

गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, त्याने मृत्यूचे प्रमाण किती वाढते यावर अभ्यासांत एकमत नाही. पण बिनकाट्याचा गळ पटकन निघतो, हाताळणी कमी होते आणि जखम फाटत नाही, एवढे नक्की. साध्या गळाचा काटा पकडीने चेपून टाकला तरी काम भागते.

गळ खोल घशात गेला असेल तर तो उपटून काढण्याचा मोह आवरावा. ओढाताणीत कल्ले आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाटतात. अशा वेळी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोर, तोंडाजवळ कापून गळ आतच ठेवणे माशाला जास्त मानवते. दोर कापून सोडलेले मासे गळ उपटलेल्या माशांपेक्षा अधिक जगतात आणि काही मासे कालांतराने गळ स्वतःच टाकून देतात.

बुळबुळीत कवच

मासा हातातून निसटतो तो त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. हा थर म्हणजे घाण नव्हे, ते माशाचे संरक्षण आहे. तो जंतू आणि बुरशीला अडवतो आणि शरीरातले क्षार-पाण्याचे संतुलन राखायला मदत करतो. कोरडे हात, लोकरी हातमोजे, काठावरची वाळू किंवा तापलेला दगड यांना लागून हा थर पुसला जातो. मग तिथे सॅप्रोलेग्नियासारखी पाण्यातली बुरशी धरते. कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे डाग दिसू लागतात. मासा आठवडाभराने मरतो आणि कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माशाला हात लावण्याआधी हात भिजवावेत. जाळी रबराची किंवा बिनगाठीची असावी. गाठींच्या खरबरीत जाळीने खवले निघतात आणि पर चिरतात. माशाला काठावर आपटू देऊ नये. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली हलकेच, एवढीच पकड पुरे. माशाचे हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, घशाच्या खाली असते; तिथे आवळले तर थेट हृदयावर दाब येतो. कल्ल्यांत बोट घालणे तर निषिद्धच. जबड्याला धरून मोठा मासा उभा लटकवू नये. आयुष्यभर पाण्याने पेललेला त्याचा भार सांध्यांना पेलवत नाही.

सोडताना घाई नको

दमलेला मासा फेकून देऊ नये, वेगवान धारेतही सोडू नये. संथ पण वाहत्या पाण्यात त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला आधार द्यावा. पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर, अशी एकच दिशा माशाच्या श्वासाला मानवते. पुष्कळ जण त्याला पुढे-मागे हलवतात. मागे ओढताना पाणी उलटे शिरते आणि फायदा होत नाही. नुसते स्थिर धरणे बरे.

तो तयार झाला का, हे पाहण्याच्या सोप्या खुणा आहेत. कल्ल्यांची उघडझाप संथ आणि नियमित आहे का? पाण्यातच उलटा केला तर तीन-चार सेकंदांत सरळ होतो का? शेपटी धरली की जोराने निसटू पाहतो का? मत्स्य संशोधक माशाची अवस्था जोखायला याच प्रतिक्षिप्त क्रिया वापरतात. तिन्ही खुणा असतील तर मासा आपणहून हातातून जाईल.

सोडणे नेहमीच योग्य?

इथे दोन अवघड प्रश्न उरतात. पहिला वेदनेचा. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. ओठांत दाहक द्रव टोचलेल्या माशांनी खाणे लांबवले आणि काहींनी तोंड तळाच्या खड्यांवर घासले. याला वेदना म्हणावी की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण माशाला काहीच कळत नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. जर्मनीत प्राणी संरक्षण कायद्यानुसार प्राण्याला त्रास देण्यास सबळ कारण लागते, त्यामुळे केवळ सोडण्यासाठी मासा धरणे तिथे आक्षेपार्ह मानले जाते. स्वित्झर्लंडचा कायदाही त्याच बाजूने झुकतो.

दुसरा प्रश्न मासा कुठला, हा. यलोस्टोन सरोवरात स्थानिक कटथ्रोट सोडावा लागतो, पण बाहेरून आलेला लेक ट्राउट धरला तर तो मारणे सक्तीचे आहे, कारण तो कटथ्रोटला खातो. भारतातही ट्राउट पाहुणाच. ब्रिटिशांनी १९०० मध्ये काश्मीरला आणि १९०९ मध्ये कुलूला त्याची अंडी आणून वसवली. आज तीर्थनच्या खोऱ्यात परवाना घेऊन ट्राउट धरण्यासाठी पर्यटक जातात. अंडी घालण्याच्या काळात, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, हिमाचलात ही मासेमारी बंद असते. ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. हिमालयातला मूळचा ‘स्नो ट्राउट’ हा खरे तर कार्पच्या कुळातला मासा. जागा आणि खाद्यासाठी त्याला या पाहुण्याशी झगडावे लागते. तेव्हा काय सोडायचे आणि काय खायचे, हे त्या नदीच्या नियमांना विचारूनच ठरवावे.

ज्याला खायचे आहे त्याने मासा लगेच, एका फटक्यात मारावा. काठावर तडफडत ठेवू नये. खोल गळ लागून भळभळा रक्त वाहत असलेला मासा नियमात बसत असेल तर ठेवून घेणेच बरे. मात्र सोडायचे ठरवले, की ते काम अर्धवट करण्यात अर्थ नाही. भिजलेले हात, गार पाणी, बिनकाट्याचा गळ आणि हवेत शक्य तितके कमी सेकंद, एवढ्या चार गोष्टी जमल्या तर नदीत परतलेला मासा पुढच्या हंगामातही तिथेच असण्याची शक्यता चांगली असते. यलोस्टोनमध्ये तोच मासा एका हंगामात नऊ-दहा वेळा हाती लागत होता. प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला नीट सोडले होते, म्हणूनच तो पुढच्याच्या हाती आला.